अण्वस्त्रांना पैसे द्या म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर (लांब आहे, चहा घेऊन बसा)

जांबोटीचा मास्तर:

तीन-चार दिवसांमागं इथं 'सीमाभागचा वाघ' यांनी एक पोस्ट टाकली. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिका २०२५ ते २०३४ या दहा वर्षांत अण्वस्त्रांवर ९४६ अब्ज डॉलर घालणार, २०२५ पर्यंत चीनकडं ६०० बॉम्ब झाले, आपल्याकडं १८० च्या आसपास. म्हणून भारतानं हायड्रोजन बॉम्बची चाचणी पुन्हा घ्यावी आणि अमेरिकेसारखे सायलो खणून जमिनीत क्षेपणास्त्रं उभी करावीत. पैसे? कर्नाटकात बायकांना वाटलेले महिन्याचे दोन हजार आणि फुकट बस बंद केली की आले पैसे. खाली दोनशे जणांनी अंगठा दिलाय. आमच्या पिढीत अंगठा दाखवणं म्हणजे वेगळंच होतं, ते जाऊ दे.

तीन दिवस गप्प बसलो. काल रात्री झोपच येईना.

वाघसाहेब, ९४६ अब्ज हा आकडा तुम्ही असा दिलाय की जणू अमेरिकेला लॉटरी लागली. तो त्यांच्याच संसदेच्या (तिकडं तिला काँग्रेस म्हणतात) अंदाजपत्रक कार्यालयानं काढलेला खर्च आहे, आणि तिकडं तो बघून लोकांनी डोक्याला हात लावलाय. त्यातलं एकच प्रकरण घ्या. मिनिटमन-३ नावाची ४०० क्षेपणास्त्रं माँटाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंग, नेब्रास्का, कोलोरॅडो इथल्या शेतांच्या मधोमध जमिनीखाली उभी आहेत. ही जात १९७० पासूनची. ती काढून सेंटिनल नावाची नवीन बसवायची ठरलं. २०२० मधला अंदाज सुमारे ७८ अब्ज डॉलर. जुलै २०२४ मध्ये तोच १४१ अब्जांवर गेला. ८१ टक्के वाढ, आणि अजून एकही बसलेलं नाही. त्यांच्याकडं कायदा असा की खर्च इतका फुगला तर प्रकल्प रद्द धरायचा, नाहीतर संरक्षण खात्यानं लिहून द्यायचं की याच्यावाचून देशाचं चालत नाही. त्यांनी लिहून दिलं. विषय संपला.

का फुगला तेही ऐका. आधी म्हणाले जुन्याच सायलोत नवीन क्षेपणास्त्र बसवू, खर्च वाचेल. मग कळलं की जुन्यात भागत नाही, नवीन खणायला पाहिजेत, वर हजारो किलोमीटर केबल बदलायची. मी जांबोटीच्या घराची कौलं बदलायला काढली होती तेव्हा गवंडी असाच पायापर्यंत पोचला होता. मला निदान बायकोला हिशेब द्यावा लागला.

आता ती तिथं कशाला? तिकडचे जाणकारच त्यांना 'स्पंज' म्हणतात. शत्रूनं आपले बॉम्ब त्या ४०० ठिकाणी वाया घालवावेत, शहरं वाचावीत. म्हणजे गहू पिकवणारा शेतकरी हा स्पंज. तुम्ही भारतात सायलो खणायला निघालात, तर दिल्लीत खणणार काय? जिथली माणसं ओरडली तरी वर ऐकू जात नाही तिथंच खणणार. अशी गावं हुडकायला लांब जावं लागत नाही.

आपलं धोरण ४ जानेवारी २००३ ला कागदावर आलं : पहिला वार आपण करणार नाही. मग गरज एवढीच, की समोरच्यानं मारल्यावर आपल्याकडं परत मारायला काहीतरी शिल्लक राहावं. त्यासाठी अरिहंत ही अणुपाणबुडी आहे, २९ ऑगस्ट २०२४ पासून अरिघात आहे. अग्नी-५ क्षेपणास्त्र डब्यात बंद होऊन ट्रकवर फिरतं. जे फिरतं ते शत्रूला सापडत नाही. ते आणून एका जागी पुरायचं आणि वर अमेरिकेएवढा खर्च करायचा, ही अक्कल कुणाची?

आणि शेवटचं. २०२५-२६ चा संरक्षण खर्च ६ लाख ८१ हजार कोटी. त्यात अण्वस्त्रांची ओळ मला दाखवा. नाही सापडणार. काही इकडं, काही अणुऊर्जा खात्यात, वेगळी बेरीज कुठंच छापत नाहीत. अमेरिकेतल्या माणसाला ८१ टक्के वाढ कळली म्हणून तो बोंब तरी मारू शकला. आपण कशावर मारायची?

मी काही गांधीवादी वगैरे नाही. मे १९९८ ला पोखरण झालं तेव्हा मी स्वतः दोन किलो कुंदा आणून गल्लीत वाटलाय. २८ मे ला पाकिस्ताननं चगाईत उडवले. पुढच्या मे महिन्यात कारगिल. कुंदा वाटला त्याचा पस्तावा नाही, पण बॉम्ब आला की लढाई संपली असं आम्ही मुलांना वर्गात सांगितलं होतं, त्याचा आहे.

सीमाभागचा वाघ:

मास्तर, नमस्कार. तुमच्याकडं शिकलो नाही हे माझं नशीब म्हणू की दुर्दैव?

अमेरिकेचं रडगाणं दोन पानं सांगितलंत, चीनवर एक ओळ नाही. त्यांनी गान्सू, शिनजियांग आणि इनर मंगोलियाच्या वाळवंटात ३०० वर सायलो खणलेत. २०२१ मध्ये उपग्रहाच्या फोटोत सगळ्या जगानं बघितले. त्या काय विहिरी आहेत? अमेरिका-रशियामधला शेवटचा करार, न्यू स्टार्ट, त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. म्हणजे सगळे मोकळे झाले आणि आपण २००३ चा कागद छातीशी धरून बसायचं.

पाणबुडीचं म्हणाल तर अरिहंतवरचं के-१५ क्षेपणास्त्र जातं ७५० किलोमीटर. बंगालच्या उपसागरातून सोडलं तर चीनच्या कुठल्या शहरात पडतंय ते नकाशावर पट्टी ठेवून बघा. मास्तर आहात, पट्टी असेलच.

आणि चाचणीचं. १९९८ चा हायड्रोजन बॉम्ब पुरता पेटलाच नाही, हे के. संथानम २००९ ला उघड बोलले. ते पोखरणच्या कामात स्वतः होते, कुणी चहावाला नाही. काकोडकरांनी नाकारलं, मान्य. खरं दोघेही त्याच कामातले आणि दोघांचं पटत नसेल तर परत करून बघायला नको? आपले एकूण स्फोट ६. अमेरिकेचे हजारावर.

युक्रेननं १९९४ ला बुडापेस्टमध्ये सुरक्षेच्या हमीच्या कागदावर भरवसा ठेवून अण्वस्त्रं सोडली. पुढं त्या कागदाचं काय झालं? आपल्याला सीमाभागातल्या माणसांना तरी कागदाची किंमत कळायला पाहिजे. १९५६ पासून कागदच बघलालाव.

शहापूरची अक्का:

वाघा, बाळा, माझ्या दोन हजारावर तुझा बॉम्ब उभा राहणार काय? मग घेऊन जा की. जाताना गॅसची टाकी पण भरून दे.

आमचे चार माग होते. दोन विकले. सुताचा भाव वर, साडीचा भाव खाली, मधल्यामधी आम्ही. त्या दोन हजारात पोरीची ट्युशन जाते. फुकट बस म्हणतोस, त्या बसनं मी आईला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला नेते. पहिलं रिक्षाला जायचे तेवढ्यात आता तिचं जेवण निघतंय. तुझ्या पोस्टला अंगठा दिलेल्या दोनशे जणांत आमच्या गल्लीतली अकरा पोरं हायत. अकराच्या अकरांच्या घरी दोन हजार येतात, मला ठाऊक हाय.

निपाणीचा वकील:

एक मुद्दा स्पष्ट करतो, कारण तो कुणी करत नाही. गृहलक्ष्मी (दोन हजार) आणि शक्ती (फुकट बस) या राज्य सरकारच्या योजना. पैसा बेंगळूरच्या तिजोरीतला. बॉम्ब केंद्राचा. अक्कांचे दोन हजार उद्या बंद झाले तरी त्यातला रुपया पोखरणला जात नाही. वाघ यांच्या पोस्टचा निम्मा डोलारा इथंच कोसळतो.

दुसरं, चाचणी. ६ सप्टेंबर २००८ ला अणुपुरवठादार गटानं (अणुइंधन आणि सामान विकणाऱ्या देशांचा गट) आपल्याला खरेदीची सवलत दिली, तेव्हा चाचणीबंदी स्वेच्छेनं पाळत राहू असं आपण सांगितलेलं आहे. स्फोट केला की बाहेरचं युरेनियम धोक्यात. २००७-०८ च्या सुमारास इंधन पुरत नव्हतं म्हणून आपली अणुवीज केंद्रं निम्म्या ताकदीनं चालत होती, हे विसरलात?

सीमाभागचा वाघ:

वकीलसाहेब, तिजोऱ्या दोन असतील, कर भरणारा एकच. बरं, राहू दे अक्कांचे दोन हजार. तेवढं मी मागं घेतो. नाहीतर मला शहापूरमधनं गाडी नेता येणार नाही.

खरं केंद्राच्या तिजोरीतही जागा आहे. ६ लाख ८१ हजार कोटीतले १ लाख ६० हजार कोटी नुसती पेन्शन. शस्त्रं घ्यायला पैसे कुठनं उरणार? आधी ते कमी करा.

निवृत्त सुभेदार:

कोण बोललं हे?

मी चार दिवस हा धागा वाचलालोय, बोलणार नव्हतो. पेन्शन कमी करा म्हणणाऱ्याचं वय काय? २००२ च्या मे महिन्यात मी राजस्थानच्या बॉर्डरला होतो. ऑपरेशन पराक्रम. डिसेंबर २००१ ला नेलं ते ऑक्टोबर २००२ पर्यंत. दहा महिने. लढाई झाली नाही. सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना माणसं गेली, ती कुठल्या पोस्टमध्ये येत नाहीत.

त्या मे महिन्यात आम्हाला गॅसचा मास्क आणि तो जाड सूट घालून सराव करायला लावला. अणुबॉम्ब पडला तर म्हणून. बाहेर ४५-४६ डिग्री. मास्कच्या आत घाम साठून नाकात जायचा. अर्ध्या तासात दोन पोरं आडवी झाली. बॉम्ब पडायच्या आधीच. एक तर आपल्या खानापूर तालुक्यातला. सांजला मी साहेबांना विचारलं, साहेब, हे घालून आपण वाचणार काय? साहेब म्हणाले, सुभेदार, सराव चालू ठेवा. (तेव्हा मी हवालदार होतो, खरं ते असंच म्हणायचे, वर चढवून.)

आता माझं मत. बॉम्ब पाहिजे. नसता तर २००२ ला पण आणि नंतर पण त्यांनी आम्हाला खेळवलं असतं. पाणबुडी पाहिजेच पाहिजे. मास्तरांचं हे मला पटतं. सायलो नको. जे हलत नाही ते मेलं, हे फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात.

खरं बॉम्बला पैसे आहेत आणि माणसाला नाहीत, हे मला पटणार नाही. माझा पुतण्या अग्निवीर. चार वर्षं. शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकीचे घरी. पहिलं आमच्या गावातनं मराठा सेंटरच्या भरतीला ट्रॅक्टर भरून पोरं जायची. आता पोरीवाले विचारतात, चार वर्षानं काय करणार? मी काय सांगू, हायड्रोजन बॉम्ब फोडणार?

फौंड्रीवाला (उद्यमबाग):

सुभेदारसाहेब, मान राखून बोलतो. तुम्ही सगळे खर्च खर्च करलालासा, तो पैसा जातो कुठं? हवेत? अरिहंतचा सांगाडा हजिऱ्यात एल अँड टी नं केला. गिअरबॉक्स वालचंदनगरनं. आपल्या मराठी मुलखातलं वालचंदनगर. एका पाणबुडीमागं शेकडो कारखाने जगतात. आमच्या उद्यमबागेत पंप आणि ट्रॅक्टरचं कास्टिंग ओतून ओतून आयुष्य चाललंय. संरक्षणाची एक ऑर्डर मिळाली तर पन्नास पोरं लागतील, अग्निवीर परत आलेली पण घेईन.

येळ्ळूरकर:

मालक, तुमच्याकडं आत्ता किती पोरं हायत? आणि त्यातली गावची किती, बिहारची किती?

फौंड्रीवाला (उद्यमबाग):

गावची पोरं भट्टीजवळ उभी राहत नाहीत, त्याला मी काय करू? विषय बॉम्बचा चाललाय.

जांबोटीचा मास्तर:

फौंड्रीवाले, तुमचा मुद्दा अमेरिकेत सेंटिनलवालेपण हाच सांगतात. ज्या राज्यांत सायलो आहेत तिथले सिनेटर प्रकल्प बंद पडू देत नाहीत, कारण तिथल्या गावाला काम. म्हणजे शत्रू राहिला बाजूला, हॉटेल चालतंय म्हणून क्षेपणास्त्र पाहिजे. पन्नास पोरांना काम द्यायला पाणबुडीच बांधायला लागते असं नाही.

वाघ, तुमचं के-१५ चं म्हणणं बरोबर आहे. ७५० किलोमीटरनं चीनपर्यंत काही होत नाही. म्हणून तर के-४ आहे, ३५०० किलोमीटरचं. मग पैसे तिथं घाला म्हणा ना! सायलो कशाला मधे आणला?

सीमाभागचा वाघ:

म्हणजे पाणबुडीला पैसे घालायला तुमची हरकत नाही. तीन दिवस झोप न येता तुम्ही जे लिहिलं त्याचा अर्थ 'थोडा खर्च चालेल' असा निघाला. चांगलं आहे.

जांबोटीचा मास्तर:

माझा अर्थ 'सांगून खर्च करा' असा आहे. पण तुम्हाला तो तसा वाचायचा असेल तर वाचा.

येळ्ळूरकर:

मास्तर, तुमी ते स्पंज लिवलासा त्ये वाचून मला रातभर कसंतरी झालं. त्या गव्हाच्या रानाच्या जागी मला आमचं शिवार दिसाय लागलं. बासमतीचं रान. त्या तिकडच्या शेतकऱ्याला निदान पैसे तरी मिळाले असतील काय वो?

मला एक नोटीस आलीय. दोन पानं. सगळी कन्नडात. रस्त्यासाठी का आणि कशासाठी कळंना. शेजारच्या पोरानं बघून सांगितलं की वर 'भूस्वाधीन' असं काय तर लिवलंय. स्वाधीन म्हंजे कुणाच्या? हापिसात गेलो तर तिथला म्हणतोय, कन्नड येत नाही तर सांगाय माणूस घेऊन या. तुमी बॉम्बचा हिशेब मागालासा, मला माझ्या रानाचा कागद वाचता येईना.

बेंगळूरचा बेळगावकर:

दादा, वाईट वाटून घेऊ नका. पण सत्तर वर्षं आपण कर्नाटकात आहोत. कन्नड वाचायला तीन महिने लागतात. बाराखडी तीच, अक्षरं तेवढी गोल. मी इथं कंपनीत आलो तेव्हा शिकलो, मला आता बसची पाटीपण वाचता येते आणि बँकेचा फॉर्मपण. प्रत्येक वेळी कागद मराठीत द्या म्हणून रडण्यापेक्षा हे सोपं नाही का?

सीमाभागचा वाघ:

आले. बेंगळूरला जाऊन पगार घेतला की आईच्या भाषेला रडणं म्हणायचं. सत्तर वर्षं 'आहोत' नाही, ठेवलंय. २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा आहे, माहीत आहे ना? का तिथं वीकेंडला पबमध्ये विसरलास?

बेंगळूरचा बेळगावकर:

२००४ ला मी आणि तू दोघं शाळेत होतो. तेव्हापासनं तारखा पडालालेत. तोवर दादानं नोटीस वाचायची नाही का? कोर्टाचा निकाल लागला की मग वाचायची?

निपाणीचा वकील:

तरतूद अशी आहे की जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं त्यांच्या भाषेतही कागद द्यायला हवेत. इथं कुणी मेहेरबानी मागत नाही. बेंगळूरकर, तुम्ही इंग्रजीत फॉर्म मागता तेव्हा तुम्हाला कुणी तीन महिन्यांचा क्लास लावायला सांगतं का?

बेंगळूरचा बेळगावकर:

तरतूद आहे, बरोबर. दादाच्या हातात तरतूद नाही आली, नोटीस आलीय.

शहापूरची अक्का:

अरे, माझी सासू चिक्कोडीची. घरात कन्नड बोलायची, देवापुढं मराठी अभंग म्हणायची. तिला कधी कुणी विचारलं नाही तू कुणाची. तुमी शिकलेली माणसंच भांडताय. आणि साठीच्या माणसाला बाराखडी शीक म्हणायला जीभ कशी उचलते रे? माझं वय पंचावन्न, मला अजून फोनवर 'ज्ञ' सापडत नाही.

फौंड्रीवाला (उद्यमबाग):

माझ्या दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणून मी पाटी तीनदा बदलली. तीनदा पेंटरला पैसे. अक्षरं मोजायची का जागा मोजायची हे कुणी सांगंना. शेवटी पेंटरच म्हणाला, मालक, मराठी बारीक करतो. इतकं बारीक केलंय की चष्मा लावल्याशिवाय मलाच माझं नाव दिसत नाही.

सीमाभागचा वाघ:

हेच. आणि तुम्ही म्हणता कन्नड शिका.

जांबोटीचा मास्तर:

एक कबूल करतो, शिव्या घाला. मी कन्नड वाचतो. नोकरीत परिपत्रकं यायची, समजली नाहीत की पगार अडकायचा, म्हणून चाळिशीत शिकलो. दार लावून. मुलांना कळू नये म्हणून. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या निषेध फेरीत मी दरवर्षी चालतो आणि घरी येऊन परिपत्रक कन्नडात वाचतो. त्यात मला कधी विसंगती वाटली नाही, लाज मात्र वाटली. कशाची ते अजून नीट सांगता येत नाही.

निवृत्त सुभेदार:

मास्तर, फौजेत माझ्या कंपनीत सगळे मराठे, खरं बटालियनला रोज हिंदी, वायरलेसवर इंग्रजी. कुणाची मराठी कमी झाली नाही. तरी माझ्या भावाला उताऱ्यावरचं स्वतःचं नाव वाचता येत नाही हे मला खुपतं. दोन्ही खरं आहे.

बेंगळूरचा बेळगावकर:

मला गद्दार म्हणून झालं असेल तर एक सांगू? हा वाघ माझ्याच गल्लीत वाढला, शाळा मात्र त्याची कन्नड माध्यम. दहावीला पहिल्या भाषेत, म्हणजे कन्नडात, १२५ पैकी ११८. शाळेत पहिला. बक्षीस म्हणून कन्नड कवी कुवेंपूंचं पुस्तक मिळालेलं, स्टेजवर फोटो आहे माझ्याकडं. टाकू?

शहापूरची अक्का:

टाक टाक.

सीमाभागचा वाघ:

त्याचा इथं काय संबंध? घराजवळ तीच शाळा होती. बापानं घातलं. मी मागितली नव्हती. विषय अण्वस्त्रांचा आहे, कुणाच्या गुणपत्रिकेचा नाही.

जांबोटीचा मास्तर:

११८ म्हणजे चांगले आहेत हो. (खवचटपणानं नाही, मास्तर म्हणून बोलतोय.)

निपाणीचा वकील:

विषयावर यायचं तर एक राहिलं. कैगा अणुवीज केंद्र आपल्यापासून किती लांब? खानापूरच्या पुढं जंगल उतरलं की कारवार जिल्हा. तिथली चारही युनिट आंतरराष्ट्रीय तपासणीच्या (बॉम्बसाठी काही वळवलं का ते बघणाऱ्या) बाहेर ठेवलेली आहेत. मैसूरजवळ रत्नहळ्ळीला युरेनियम समृद्ध करतात, तेही बाहेर. म्हणजे वाघ म्हणतात तो कार्यक्रम कुठंतरी राजस्थानात नाही, या राज्यातच आहे. सायलो नसला तरी.

जांबोटीचा मास्तर:

आणि आपल्या जिल्ह्यात देशनूर भागात युरेनियम शोधायला बोअर मारले होते. सापडलंही होतं.

सीमाभागचा वाघ:

आता हे घाबरवणं आहे. कैगा वीज करतं. पहिलं युनिट २०१८ मध्ये ९४१ दिवस न थांबता चालून जागतिक विक्रम झाला, ते नाही सांगत कुणी. त्याला बॉम्बचा कारखाना म्हणणार?

येळ्ळूरकर:

९४१ दिवस न थांबता? मग ती वीज जाते कुठं? आमच्या पंपाला थ्री फेज रात्री दोनला येते आणि पाचला जाते. भात बघाय मी बॅटरी घेऊन जातो, सापाच्या भ्यानं.

निवृत्त सुभेदार:

वाघ, तुला एकच विचारतो, फौजी म्हणून. ९ मार्च २०२२ ला आपलं ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूला पडलं. तीन अधिकारी घरी गेले. त्याच्यावर अणुबॉम्ब नव्हता म्हणून आज आपण हे टायपलालाव. जितकी जास्त ठेवशील तितकी चूक व्हायची जागा जास्त. सायलोत तर बटणाजवळ माणूस बसवायला लागतो, चोवीस तास. तो माणूस अग्निवीर असणार. चार वर्षांवाला.

सीमाभागचा वाघ:

सुभेदारसाहेब, हे मात्र बोचलं. ब्रह्मोसचं मी विसरलो होतो. म्हणजे विसरलो नव्हतो, पोस्टमध्ये घातलं नव्हतं.

बरं. सायलो काढला पोस्टमधनं. पेन्शनचं पण काढतो, तुमच्यासाठी. चाचणी ठेवतो. संथानम खोटं बोलले हे कुणी मला सिद्ध करून दाखवलेलं नाही.

निपाणीचा वकील:

ते खरं बोलले हेही कुणी दाखवलेलं नाही. आणि ते दाखवायला स्फोट करायचा तर इंधनाचं काय, याचं उत्तर आलं नाही.

सीमाभागचा वाघ:

येईल. जेवून येतो.

फौंड्रीवाला (उद्यमबाग):

पाणबुडी राहिली ना यादीत? एवढंच बघत होतो.

जांबोटीचा मास्तर:

राहिली. आणि हिशेबाची ओळ? ती कुणीच घेतली नाही यादीत.

(बराच वेळ कुणी नाही.)

सीमाभागचा वाघ:

येळ्ळूरकर काका, ती नोटीस. दोन्ही पानांचा फोटो काढून पाठवा मला. शिक्का आणि तारीख दिसली पाहिजे. हरकत घ्यायला मुदत असते, ती गेली की गेली. वाचून मराठीत लिहून देतो. वकीलसाहेबांना पण पाठवतो.

आणि हे इथं कुणी उगाळत बसू नये.

शहापूरची अक्का:

११८ काय उगीच पडतात?

येळ्ळूरकर:

काढलो फोटो. खरं नुसता काळा आलाय. लाईट गेलीय. सकाळी उजाडल्यावर काढून लावतो.